भाषेच्या अर्थाचं तार्किक विश्लेषण आणि एआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी वाक्यांचे लॉजिकल फॉर्म (वाक्याचा अर्थ तर्कशास्त्राच्या चिन्हांत मांडणारी सूत्रं) लिहिणं आणि इतरांनी लिहिलेले तपासणं हे माझं रोजचं काम. त्याबद्दल येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाची उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही.

१. वाक्याचं 'तार्किक विश्लेषण' म्हणजे नेमकं करायचं काय?

एखादं वाक्य खरं ठरायला जगात काय काय असावं लागेल, ते अशा पद्धतीने लिहायचं की वाचणाऱ्याला अंदाज बांधायला जागा उरू नये.

'पावसामुळे सामना रद्द झाला' यात तीन दावे आहेत: पाऊस पडला, सामना रद्द झाला आणि दुसरी गोष्ट पहिलीमुळे झाली. आता 'पावसामुळे सामना रद्द झाला नाही' हे घ्या. सामना झालाच, असं म्हणायचंय? की रद्द झाला, पण कारण वेगळं होतं? बोलताना आपण एखाद्या शब्दावर जोर देऊन निभावून नेतो. विश्लेषण करताना मात्र ते 'नाही' तीनपैकी कुठल्या दाव्यावर बसलंय हे लिहावंच लागतं. एकदा ते लिहिलं की या वाक्यावरून दुसरं कुठलं वाक्य निघतं आणि कुठलं निघत नाही, हे मशीनलाही तपासता येतं. एआयला या सगळ्याशी कर्तव्य आहे ते त्यासाठी.

२. मग हे शाळेतलं वाक्यपृथक्करणच ना?

नाही. 'रोहन आला नाही' आणि 'एकही मुलगा आला नाही' यांचं शाळेतलं पृथक्करण सारखंच होतं: एकाचं उद्देश्य 'रोहन', दुसऱ्याचं 'एकही मुलगा'. पण रोहन नावाचा कोणीतरी आहे. 'एकही मुलगा' हे कोणाचंच नाव नाही. व्याकरणाला दोन्ही वाक्यं जुळी वाटतात, तर्काला ती वेगळ्या जातीची दिसतात. हा फरक नीट मांडता येईल अशी चिन्हभाषा पहिल्यांदा गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दिली (पुढचं प्र. ६ मध्ये).

३. गणित सोडून पंधरा वर्षं झाली. ही चिन्हं मला वाचता येतील?

येतील. बहुतेक कामाला पाच पुरतात. ∀क म्हणजे 'कुठलाही क घ्या', ∃क म्हणजे 'निदान एक क आहे', ∧ म्हणजे 'आणि', → म्हणजे 'असेल तर', ¬ म्हणजे 'असं नाही'. विद्यार्थी(क) हे 'क हा विद्यार्थी आहे' असं वाचायचं. बाकी सवयीचा भाग.

४. 'प्रत्येक विद्यार्थ्याने एक पुस्तक वाचलं.' सरळ वाक्य आहे, यात दोन अर्थ कुठून आले?

वर्गात तीन विद्यार्थी आहेत असं समजा. तिघांनी तीन वेगवेगळी पुस्तकं वाचली, तरी वाक्य खरं. तिघांनी एकच पुस्तक वाचलं, तरीही खरं. पहिला अर्थ असा लिहितात:

∀क (विद्यार्थी(क) → ∃ख (पुस्तक(ख) ∧ वाचलं(क, ख)))

आणि दुसरा असा:

∃ख (पुस्तक(ख) ∧ ∀क (विद्यार्थी(क) → वाचलं(क, ख)))

चिन्हं तीच, फक्त बाहेर कोण आणि आत कोण हे बदललं. याला स्कोप म्हणतात. दुसरा खरा असेल तर पहिला आपोआप खरा होतो. उलट होत नाही.

मराठी इथे थोडी मदत करते. 'एकेक पुस्तक' म्हटलं की पहिलाच अर्थ उरतो. 'एक पुस्तक प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलं' असा क्रम उलटवला की दुसरा वर येतो. पार्सर (वाक्याची रचना उलगडणारा प्रोग्रॅम) लिहिणारे बऱ्याचदा शब्दक्रम पुसून टाकून पुढे जातात, तेव्हा ही खूण हातची जाते.

नवशिक्यांची ठरलेली चूक: ∀ बरोबर → ऐवजी ∧ लिहिणं. ∀क (विद्यार्थी(क) ∧ …) लिहिलंत की जगातली प्रत्येक वस्तू विद्यार्थी झाली, खिडकी आणि चंद्रासकट. मीही पहिले दोन महिने चंद्राला वर्गात बसवत होते.

५. 'सगळे आले नाहीत' म्हणजे कोणीच आलं नाही, की काही जण आले?

दोन्ही होऊ शकतं, आणि प्रत्यक्ष कामात सर्वांत जास्त नुकसान याच वाक्यरचनेने होतं. ¬∀ म्हणजे 'सगळेच्या सगळे आले असं नाही'. ∀¬ म्हणजे 'जो बघावा तो आलेला नाही'.

एका संस्थेसाठी आम्ही साध्या मराठीत प्रश्न विचारून डेटाबेसमधून उत्तर काढणारी यंत्रणा केली होती. त्यांच्या माणसाने विचारलं, 'कुठल्या शाखांनी सगळे अहवाल पाठवले नाहीत?' यंत्रणेने ज्यांचा एकही अहवाल आला नव्हता अशा दोन शाखा दाखवल्या. बारापैकी अकरा अहवाल पाठवून एक बुडवलेल्या शाखा यादीत आल्याच नाहीत, आणि त्यांनाच तर स्मरणपत्र जायचं होतं. कुठे एरर नाही, कुठे लाल अक्षर नाही. चूक आमचीच: नकार क्वांटिफायरच्या (म्हणजे ∀ किंवा ∃ च्या) आत ढकलणारा एक नियम होता आणि तो नेहमी आतच ढकलायचा.

मराठीत स्पष्ट बोलायची साधनं आहेत. 'एकही' आलं की नकार हवाच, आणि अर्थ 'शून्य'. 'सगळेच काही वाईट नसतात' यातलं 'काही' ¬∀ हाच अर्थ पक्का करतं. ते 'काही' म्हणजे 'थोडे' नव्हे. आमच्या पहिल्या पार्सरने त्याचा ∃ केला होता.

६. हे सगळं सुरू कोणी केलं?

थोडक्यात सांगते. फ्रेगेने १८७९ मध्ये क्वांटिफायर दिले. रसेलने १९०५ मध्ये 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' असं वाक्य घेऊन दाखवलं की व्याकरणाचा साचा आणि तर्काचा साचा वेगळे असतात. टार्स्कीने १९३३ मध्ये 'वाक्य खरं असणं' याची काटेकोर व्याख्या केली; रोजच्या बोलीला मात्र ती लागू पडेल यावर त्याचा स्वतःचा विश्वास नव्हता. रिचर्ड मॉन्टेग्यूने १९७० च्या सुमाराला नेमकं तेच करून दाखवलं: माणसांची भाषा आणि तर्कशास्त्राची भाषा यांत तत्त्वतः मोठा फरक नाही, असं म्हणून त्याने इंग्रजीच्या एका तुकड्याचा संपूर्ण हिशेब मांडला. त्याचा सर्वांत गाजलेला निबंध १९७३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी छापून आला.

मशीनवरचे प्रयोगही याच काळातले. अपोलो ११ ने आणलेल्या चंद्रावरच्या दगडांच्या रासायनिक नोंदींवर इंग्रजीत प्रश्न विचारता येतील अशी 'लूनर' ही यंत्रणा विल्यम वुड्स यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केली. ती प्रश्नाचा आधी लॉजिकल फॉर्म करायची आणि मग तो डेटाबेसवर चालवायची. आजही डेटाबेसला साध्या भाषेत प्रश्न विचारायच्या बहुतेक यंत्रणांचा सांगाडा हाच आहे.

७. प्रत्येक वाक्याचा फॉर्म हाताने लिहायचा का? वाक्यं तर अगणित आहेत.

हाताने लिहायचा तो शब्दांचा. वाक्याचा अर्थ शब्दांच्या अर्थातून आणि ते कसे जोडले आहेत यातून बांधला जातो, हे गृहीत. 'वाचलं' याचा अर्थ दोन रिकाम्या जागा असलेलं यंत्र: वाचणारा आणि वाचलेली वस्तू. 'पुस्तक' एका जागेत बसलं की 'पुस्तक वाचलं' हे एकाच रिकाम्या जागेचं यंत्र उरतं. रिकाम्या जागांचा हा हिशेब ठेवायला अलोन्झो चर्चचं लॅम्डा कॅल्क्युलस वापरतात.

गाडं अडतं ते वाक्प्रचारांवर. 'त्याने हात वर केले' हे अवयवांचं वर्णन आहे की त्याने जबाबदारी झटकली? असे तुकडे अख्खेच शब्दकोशात टाकावे लागतात, आणि वर सरळ अर्थाची शक्यताही जिवंत ठेवावी लागते.

८. 'आणि', 'किंवा', 'जर' हे शब्द लॉजिकमध्ये जसे आहेत तसेच बोलण्यात असतात का?

'आणि' फसवा आहे. तर्कात क ∧ ख आणि ख ∧ क एकच. 'तिने राजीनामा दिला आणि तिचं साहेबांशी भांडण झालं' आणि 'तिचं साहेबांशी भांडण झालं आणि तिने राजीनामा दिला' या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉल ग्राइस यांचं म्हणणं असं की 'आणि'चा अर्थ तर्कातलाच आहे. क्रम आणि कारण ऐकणारा स्वतः भरतो, कारण बोलणारा मुद्द्याला धरून आणि क्रमाने बोलत असणार असं तो धरून चालतो. प्र. ४ मधल्या 'एक' चंही तसंच: ∃ म्हणतं 'निदान एक', ऐकणारा समजतो 'एकच'. कसोटी सोपी आहे. 'एक पुस्तक वाचलं, खरं तर दोन वाचली' असं म्हणून 'एकच' मागे घेता येतं. अर्थाचा गाभा असा मागे घेता येत नाही.

'किंवा'च्या बाबतीत मराठी फार नेटकी आहे. 'बसने किंवा ट्रेनने जाणार का?' याचं उत्तर 'हो' येऊ शकतं. 'बसने जाणार की ट्रेनने?' याला 'हो' म्हणणारा माणूस थट्टा करत असतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द आणि फरक फक्त सुरात. इंग्रजीवरून भाषांतर केलेल्या डेटात हे 'किंवा' आणि 'की' सर्रास उलटेपालटे झालेले दिसतात.

'जर'चं → फार उदार आहे: आधीचा भाग खोटा असला की अख्खं वाक्य खरं. '२ + २ = ५ असेल तर मी राष्ट्रपती आहे' हे तर्काच्या दृष्टीने खरं. 'तू फोन केला असतास तर मी थांबले असते' असल्या वाक्यांना → उपयोगाचा नाही. तिथे 'तो फोन झाला असता असं जग' कल्पावं लागतं.

९. 'तो', 'ती', 'आपला' कोणासाठी आलेत हे मशीनला कसं कळतं?

लॉजिकल फॉर्म फक्त 'इथे एक नाव भरायचं आहे' इतकंच सांगतो. कोणतं, ते जगाच्या माहितीवरून. २०११ मध्ये हेक्टर लेव्हेक यांनी नेमकी अशी वाक्यं एआयची परीक्षा म्हणून सुचवली आणि त्यांना टेरी विनोग्राड यांच्या १९७२ मधल्या एका उदाहरणावरून विनोग्राड स्कीमा असं नाव दिलं. गाजलेलं उदाहरण मराठीत असं होतं: 'ट्रॉफी सुटकेसमध्ये मावली नाही, कारण ती फार मोठी होती.' 'मोठी'च्या जागी 'लहान' ठेवा, की 'ती' ट्रॉफीवरून उडी मारून सुटकेसवर जाते.

आता सुटकेसच्या जागी खोका घ्या. 'ट्रॉफी खोक्यात मावली नाही, कारण तो लहान होता.' लिंगानेच उत्तर फोडलं! मराठीत अशी परीक्षा करायची तर दोन्ही नामं एकाच लिंगाची हवीत, ही साधी गोष्ट भाषांतरित प्रश्नसंचांत हमखास सुटते.

'आपला' तर आणखी खट्याळ. 'रमेशने सुरेशला आपल्या घरी सोडलं' यात घर रमेशचं, कारण 'आपला' कर्त्याकडे बोट दाखवतो. पण बोलणारा ऐकणाऱ्याला धरून 'आपल्या घरी' म्हणत असेल तर घर त्या दोघांचं. आणि 'परवा' हा शब्द मागचाही दिवस सांगतो आणि पुढचाही. क्रियापदाचा काळ पाहिल्याशिवाय तारीख काढता येत नाही. 'परवाची मीटिंग' म्हटलंत तर तेवढाही आधार नाही.

१०. 'गाढवाची वाक्यं' म्हणजे काय प्रकार आहे?

'गाढव असलेला प्रत्येक शेतकरी त्याला मारतो.' (उदाहरण मुळातलं आहे, माझा इलाज नाही.) 'गाढव' चा ∃ 'असलेला'च्या कंसातच संपतो आणि 'त्याला' त्या कंसाच्या बाहेर लटकतं. ∀ लावला तर अर्थ बरोबर येतो, पण वाक्यात 'प्रत्येक गाढव' असं कोणी म्हटलेलंच नाही. पीटर गीच यांनी १९६२ मध्ये हे उकरून काढलं. हान्स काम्प यांनी १९८१ मध्ये आणि आयरीन हाइम यांनी १९८२ मध्ये स्वतंत्रपणे उत्तर दिलं: वाक्य ऐकताना मनात एक वही उघडते, 'एक गाढव' म्हटलं की तिच्यात नवी नोंद होते आणि पुढची सर्वनामं त्या नोंदीकडे बघतात. गंमत म्हणजे मराठीत कोणीही हे 'ज्याच्याकडे जे गाढव असतं, तो ते…' असं जो-तो लावून सहज म्हणेल, आणि त्यात ती वही उघड दिसते.

११. दोन शब्द एकाच वस्तूचे असतील तर एकाच्या जागी दुसरा चालायला हवा ना?

साध्या वाक्यात चालतो. 'शुक्राची चांदणी' आणि 'शुक्र ग्रह' एकच. पण 'शुक्राची चांदणी हा तारा आहे असं आजीला वाटतं' यात 'शुक्र ग्रह' घालून पाहा. आजीवर उगाच आळ येतो. 'वाटतं', 'माहीत आहे', 'शोधतो' ही क्रियापदं वस्तूच्या पलीकडे, ती कशी ओळखली यालाही चिकटतात. फ्रेगेने १८९२ मध्ये हा फरक मांडला. 'ती डॉक्टर शोधते आहे' यात ठरलेला डॉक्टर की कोणीही चालेल, हा प्रश्न याच घरातला.

१२. 'पक्षी उडतात' हे ∀ ने लिहायचं का? पेंग्विनचं काय?

∀ ने लिहिलंत तर एक पेंग्विन वाक्य खोटं पाडेल, आणि कोणीही समंजस माणूस त्याला खोटं म्हणत नाही. १९८० मध्ये जॉन मॅकार्थी आणि रेमंड राइटर यांनी वेगवेगळ्या वाटांनी 'विरुद्ध माहिती मिळेपर्यंत धरून चाला' अशी तर्कपद्धत मांडली. किंमत अशी की नवी माहिती आली की जुना निष्कर्ष मागे घ्यावा लागतो. साध्या तर्कात तसं कधीच होत नाही.

१३. 'त्याने सिगारेट सोडली नाही.' यावरून तो ओढायचा हे निघतं का?

निघतं, आणि 'सोडली' यावरूनही निघतं. नकार लावला तरी जे टिकून राहतं त्याला पूर्वगृहीत म्हणू. तो कधी ओढतच नसेल तर 'सोडली' हे वाक्य खोटं, की प्रश्नच उद्भवत नाही? प्र. ६ मधल्या फ्रान्सच्या राजाबद्दल असाच वाद झाला: रसेलचं उत्तर पहिलं, पीटर स्ट्रॉसनचं १९५० मधलं उत्तर दुसरं. चॅटबॉट करताना मी स्ट्रॉसनच्या बाजूने असते. 'मी ऑर्डर कधी रद्द केली?' असं विचारणाऱ्याने ऑर्डर रद्द केलीच नसेल, तर 'माहिती उपलब्ध नाही' असं म्हणू नका. 'तुमची ऑर्डर रद्द झालेलीच नाही' असं सांगा.

१४. मोठी भाषा मॉडेल्स हे सगळं न शिकता चालतात. मग हा खटाटोप कशाला?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि विचारण्यात थोडी टोचणीही असते. मान्य आहे: प्र. ९ मधल्या विनोग्राड परीक्षेत २०१९ च्या सुमारालाच मॉडेल्स ९० टक्क्यांच्या आसपास पोचली, ती एकही क्वांटिफायर हाताने न लिहिता.

पण ती कशी पोचतात हे तपासायला हीच हत्यारं लागली. 'या वाक्यावरून ते वाक्य निघतं का' अशा सुमारे ५,७०,००० जोड्यांचा इंग्रजी संच २०१५ मध्ये आला. २०१८ मध्ये असं दिसलं की जोडीतलं पहिलं वाक्य झाकून ठेवलं तरी निव्वळ दुसऱ्यावरून सुमारे ६७ टक्के उत्तरं बरोबर येतात, आणि पर्याय होते तीन. म्हणजे बरंचसं 'तर्क करणं' हे प्रश्न लिहिणाऱ्यांच्या सवयी ओळखणं होतं. पुढच्या वर्षी शब्द तेच पण नातं उलटं अशी वाक्यं मुद्दाम रचली गेली: 'अभिनेत्याने डॉक्टरला पैसे दिले' यावरून 'डॉक्टरने अभिनेत्याला पैसे दिले' निघतं का? तेव्हाची नामांकित मॉडेल्स 'निघतं' म्हणत होती. बर्ट हे मॉडेल 'रॉबिन हा ____ नाही' अशा धर्तीच्या गाळलेल्या जागेत 'नाही' असूनही 'पक्षी'च भरायचं.

आजची मॉडेल्स यातलं पुष्कळ बरोबर करतात. माझा अनुभव इतकाच की ती बोलायला लावली की उत्तम बोलतात, पण प्र. ५ मधल्या वाक्याचा कोणता अर्थ घेतला हे आपण होऊन सांगत नाहीत. म्हणून आता कामाची विभागणी बदलली आहे: मॉडेलने वाक्याचा फॉर्म लिहायचा, माणसाने तो वाचायचा, आणि निष्कर्ष काढायचं काम सिद्धता करणाऱ्या प्रोग्रॅमवर सोडायचं. फॉर्म चुकला तर निदान तो डोळ्यांसमोर चुकतो.

१५. सगळं ज्ञान लॉजिकमध्ये लिहिलं तर मशीन प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देईल?

नाही, आणि हे सिद्ध झालेलं आहे. दिलेलं कुठलंही सूत्र नेहमीच खरं ठरतं का, हे हमखास ठरवणारी पद्धत असू शकत नाही, हे चर्च आणि ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं. सूत्र तसं असेल तर सिद्धता कधीतरी सापडते. नसेल तर मशीन शोधतच राहू शकतं. म्हणून प्रत्यक्षात लॉजिकचे छाटलेले प्रकार वापरतात. प्रोलॉग ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्यातलीच, आणि ती १९७२ मध्ये मार्सेलमध्ये जन्मली तीच मुळी फ्रेंच भाषेवर काम करायला.

१६. संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा, असं नासाने जाहीर केलंय ना?

असं काही जाहीर झालेलं नाही. १९८५ मध्ये नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित संशोधक रिक ब्रिग्ज यांनी एका एआय मासिकात लेख लिहिला. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ ज्या शिस्तीने उलगडून लिहीत ती पद्धत तेव्हाच्या एआयमधल्या अर्थजाळ्यांशी (संकल्पना आणि त्यांची नाती दाखवणाऱ्या जाळ्यांशी) जुळते, हे त्यांचं निरीक्षण. फॉरवर्ड होत होत त्याचं काय झालं ते आपण पाहतोच.

खरी गोष्ट मला जास्त रंजक वाटते. डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९६७ मध्ये सुचवलं की क्रिया हीच एक वस्तू मानावी. नंतरच्यांनी तिच्याभोवती भूमिका सुट्या टांगल्या. 'मीनाने कात्रीने दोरी कापली' हे असं होतं:

∃घ (कापणं(घ) ∧ कर्ता(घ, मीना) ∧ कर्म(घ, दोरी) ∧ करण(घ, कात्री))

शेवटचा तुकडा गाळला की 'मीनाने दोरी कापली' आपोआप निघतं. आणि कर्ता, कर्म, करण ही नावं मला कुठून आणावी लागली नाहीत: पाणिनीची सहा कारकं तयारच होती. भारतीय भाषांच्या काही ट्रीबँका (रचना नोंदवून ठेवलेल्या वाक्यांचे संग्रह) याच चौकटीत बांधल्या आहेत.

१७. मराठीसाठी काही करायचं तर सुरुवात कुठून?

मॉडेलपासून करू नका. 'नाही', 'सगळे', 'फक्त', 'सुद्धा', 'आपला' यांतलं काहीतरी असलेली पन्नास वाक्यं घ्या. दोघांनी एकमेकांना न दाखवता त्यांचे फॉर्म लिहा आणि मग समोरासमोर ठेवा. जिथे फरक पडेल तिथे लगेच 'हे चूक, हे बरोबर' करू नका. दोन्ही फॉर्म जपून ठेवा.

आमच्याकडे पहिल्या फेरीत सर्वांत जास्त वाद 'पण' वरून झाला. 'मी फोन केला, नेहाने पण उचलला नाही.' एकीने लिहिलं: आधी आणखी कोणीतरी उचलला नव्हता. दुसरीने लिहिलं: फोन केला खरा, उपयोग झाला नाही. त्या ओळीपुढे आमच्या यादीत अजून दोन फॉर्म आहेत.